उघाडी

मी जत तालुक्यातला. आमच्याकडे पाणी
टँकरने येतं, भांड्यांत जातं, संपतं.
गेलेलं पाणी परत येतं
हे मला एकतिसाव्या वर्षी कळलं,
वाशीच्या धारण तलावावर,
रात्रपाळीचा कंत्राटी पंपचालक झाल्यावर.

काम सोपं. सेक्टरांचं पाणी तलावात, तलावाचं खाडीत.
मध्ये भिंत, भिंतीत पाच झडपा,
बिडाच्या, वरून बिजागरीला टांगलेल्या.
ओहोटीला आतलं पाणी त्यांना ढकलून निघून जातं,
भरतीला खाडीच पाठ लावून दार बंद करते.
बटण नाही, मोटर नाही.
आपण वहीत वेळ लिहायची.

वेळ छापील तक्त्यातली. अपोलो बंदरची.
पण तिथून निघालेलं पाणी
ट्रॉम्बेच्या डोंगराला वळसा घालून,
पुलांच्या खांबांना अंग घासत इथे पोचेस्तोवर
अर्धा तास जातो, कधी जास्त.
पहिला आठवडा मी तक्त्याच्या वेळेवर टॉर्च घेऊन उभा,
आणि खाडी वाटेत.

सुक्रीबाय वाशीगावची. तिवरांत निवट्या धरायला यायची,
गुडघाभर चिखल, कमरेला टोपली.
"तिथी मोज," म्हणाली, "आन पाऊनपट कर.
चवथ म्हंजे तीन. आठम म्हंजे सा."
पेरांवरून अंगठा फिरवत
तिने पंधरवड्याच्या भरत्या सांगून टाकल्या.
मी ताडून पाहिल्या. पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे.
चूक कुणाची, हे मी विचारलं नाही.

अष्टमीच्या सुमाराला पाणी आळसावतं, त्याला भांग म्हणायचं.
चंद्र एकीकडे ओढतो, सूर्य आडवा,
आणि समुद्र दोघांचंही अर्धंच ऐकतो.
अवसेला, पुनवेला दोघं एका रेषेत, म्हणून उधाण,
तेही एक-दोन दिवस उशिरा, जसा निरोप पोचावा.
पावसाळ्यात दिवसाचं पाणी मोठं, थंडीत रात्रीचं.
हे शेवटचं तिला कुणी शिकवलं
ते तिला आठवत नव्हतं.

पौषातली बीज. दोनाची पाऊणपट दीड.
दीडला चार झडपा मिटल्या,
एकामागोमाग, जडशा, झोपताना म्हातारा खाकरतो तशा.
तिसरी मिटली नाही.
तिच्या उंबऱ्यात कुणाच्या तरी पूजेतला नारळ
शेंडीसकट बसला होता.

डावखर साहेबांचा फोन बंद.
मी बांबूने ढोसलं. बांबू मोडला.
खाडी आत आली, कसलीही घाई न करता,
घरात भाडेकरू असताना मालक येतो तशी.
फेरी मारायची वाट भिजली, बाकांचे पाय भिजले,
व्यायामाच्या लोखंडी सायकलचं एक पेडल बुडालं.
दोनला थांबली. काही वेळ
कुठेच न जाता उभी राहिली.
असं उभं पाणी मी पहिल्यांदा पाहिलं.
मग गेली.

सकाळी तलावाच्या कडेला सुक्रीबाय,
पायाशी आत अडकलेला हातभर जिताडा.
झडपेकडे बघून हसली.
"फ्लॅप गेट कं काय म्हनतंस? आरं, ही त उघारी!
माजा सासरा बांधाव निजाचा, हिचीच राखन करीत.
तवा लाकडाची व्हती."
बांध कुठे होता, मी विचारलं.
तिने हात वर केला, फिरवला:
तलाव, शाळा, पेट्रोल पंप, सात मजले, बारा मजले.
"भात व्हता. खारा, तांबरा."
हात खाली आणला, ओचा खोचला.

मग वाकून तिने नारळ उपसला,
कानाशी धरून हलवला.
"हाय पानी," म्हणाली,
आणि टोपलीत टाकून निघाली, जिताड्याशेजारी.

मी वहीत लिहिलं:
झडप क्रमांक तीन, अडथळा, दूर केला.
खाली, समासात, पेन्सिलने:
आज तीज. सव्वादोन.
अधिक खाडीचा अर्धा तास.